कशाचं ते आठवत नाही

गॅरेजात कॉफीचे एकशे चाळीस डबे आहेत, बाबा.
मी मोजले. वेडनंही मोजले; त्याचे एकशे एकेचाळीस भरले.
प्रत्येकावर पांढरी पट्टी, तुमचं तिरकं अक्षर:
पाव इंची नट. वाकलेले खिळे, चांगले.
हावलिकच्या पवनचक्कीचे, परत द्यायचे, १९७१.
हावलिक कधीच गेला. त्याची पवनचक्की
अजून पाणी ओढते आहे
तुमच्याकडे राहिलेल्या तीन बोल्टांवाचून.

नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांत
दोन घरांमध्ये नऊ मैल गवत असतं.
त्या नऊ मैलांत काही बिघडलं तर लोक
आधी व्हेन्सिल स्लाविकला फोन करायचे, मग देवाला.
देवाकडे सुटे भाग मिळत नाहीत, आई म्हणायची.

तुम्ही हत्यारांची पेटी लगेच उघडत नसत.
लाकडी मुठीचा तो लांब स्क्रू-ड्रायव्हर,
पातं इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाशी,
डोळे मिटलेले,
जसं एखादं पोर कानात काही सांगतंय
आणि ते अडखळतंय,
आणि त्याला मध्येच तोडायचं नाही.
मग म्हणायचात, "तिसरा."
तिसराच असायचा.

माझं मात्र असं कधी ऐकलं नाहीत.
सतराव्या वर्षी मी स्वयंपाकघरात रडत बसले होते
तेव्हा तुम्ही टोपी घालून बाहेर गेलात,
माझ्या गाडीचं ऑइल बदललंत,
चारही चाकांत हवा भरलीत,
काचा पुसल्यात, आतूनसुद्धा.
ते ऐकणंच होतं
हे कळायला मला वीस वर्षं लागली
आणि एक घटस्फोट.

एकदा ओमाहाला गेला होतात, कारखान्यात, बऱ्या पगारावर.
अकरा महिन्यांत परत.
कुणी विचारलं तर एवढंच सांगायचात,
"तिथे कोण येतंय ते आधी दिसत नाही."
इथे क्षितिजावर धुळीचा लोट उठला
की तुम्ही ओळखायचात कुणाचा ट्रक, कितवा गिअर
आणि माणूस जेवून जाणार की नाही.
मार्चमध्ये डोक्यावरून करकोच्यांचे थवे जाऊ लागले
की चालू इंजिन बंद करायचात.
काळे हात अंगापासून लांब धरून
मान वर करून उभे.
"यांच्यात माझ्यासाठी काहीच काम नाही," म्हणायचात,
आणि खूश दिसायचात.

शेवटी नॉर्थ प्लॅटच्या इस्पितळात,
नाकात नळी, उशाशी यंत्र.
डॉक्टर तुमच्या हृदयाबद्दल समजावून सांगत होता,
तुमचा कान यंत्राकडे.
"याचं बेअरिंग चाललंय," नर्सला म्हणालात.
तिनं तुमच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला.
गुरुवारी तुम्ही गेलात.
शनिवारी तुमचा चष्मा आणायला गेले तर
तेच यंत्र भिंतीकडे तोंड करून बाहेर उभं,
त्यावर चिकटवलेला कागद: नादुरुस्त.
मी तिथेच हसले, मोठ्यानं, एकटीच.
एक म्हातारा चाकाच्या खुर्चीतून बघत राहिला.

एकशे एकेचाळिसावा डबा
वेडला शेगड्याच्या मागे सापडला.
पट्टीवर लिहिलं होतं:
कशाचं ते आठवत नाही. पण लागेल.
आत एक स्प्रिंग, आणि पितळेचं काहीतरी,
बोटाएवढं, एका बाजूनं झिजलेलं.
हावलिकच्या पोराला विचारलं, त्यालाही ओळखू येईना.

वेड नऊ वर्षांचा आहे. त्यानं ते बाकावर ठेवलं,
खिळ्यावरचा स्क्रू-ड्रायव्हर काढला,
पातं पितळेवर, मूठ कानामागे.
गॅरेजच्या पत्र्यावर वारा वाजत होता.
"अरे, ते चालू नाहीये," मी म्हटलं.

"थांब ना," तो म्हणाला.
डोळे मिटलेलेच होते त्याचे.